धूळ पुसण्याआधी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे भंगारवाल्यांची सुगी. माळ्यावरचा कंदील, मुका झालेला रेडिओ, आजोबांची बसकण मारलेली सायकल या साऱ्यांची वरात त्या दिवसांत तराजूकडे निघते. तराजूतून जे वाचते त्याला चिंच आणि राख लावून असे घासतात की त्याचे त्यालाच ओळखू येऊ नये. जुन्या वस्तूच्या नशिबी आपल्याकडे या दोनच गती लिहिलेल्या आहेत: भंगार, नाही तर लखलखाट. परंतु तिसरीही एक गती आहे. वस्तू आहे तशी ठेवायची. तिच्या अंगावरची धूळदेखील विचार केल्यावाचून पुसायची नाही. या सदरात एरवी मी जुन्या शब्दांच्या घरांची झडती घेतो. यंदा दिवाळीनिमित्त जुन्या मोटारीची घेणार आहे. मराठीच्या मास्तराला मोटारीतले काय कळते, असे वाचक म्हणतील. फारसे कळत नाही, हे खरेच. तरीही त्या मोटारीशी माझा संबंध का आला, ते ओघाने येईलच.

आधी जरा दूरची हकीकत. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये आर्तक्युरियाल या लिलावसंस्थेने एकोणसाठ जुन्या मोटारी विकायला काढल्या. रॉजे बायाँ नावाच्या एका वाहतूक व्यावसायिकाने त्या हौसेने जमवल्या होत्या. त्यांचे संग्रहालय करावे असा त्याचा मनोदय होता. पण धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पश्चिम फ्रान्समधल्या त्याच्या जागेत पत्र्याच्या आडोशांखाली वर्षानुवर्षे पडून राहिल्या. कोणाच्या अंगावर वेल चढले, कोणाचा तळ गंजून मातीला मिळाला. त्यांतच एका बंद गॅरेजात, जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या ढिगाखाली, १९६१ सालची एक फेरारी निघाली. २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर हे तिचे पूर्ण नाव. अलेन डेलॉन या फ्रेंच नटाबरोबर ती एके काळी छायाचित्रांत झळकली होती. लिलावात तिला कमिशन धरून सुमारे १ कोटी ६३ लाख युरो आले. त्या वेळच्या दराने आपले शंभर कोटींहून अधिक रुपये! आणि विकली गेली ती धुळीने माखलेल्या अंगानेच. लिलावसंस्थेने ती धूळ मुद्दाम राखली होती. ही बातमी वाचल्यावर आमच्या घरच्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांखाली मीही एकदा डोकावून पाहिले. तिथे पुन्हा आणखी जुने दिवाळी अंकच निघाले.

धुळीला एवढी किंमत कशाची? जुनी नाणी जमवणारे हे चटकन सांगतील. जुने नाणे घासून चकचकीत केले की त्याचा भाव उतरतो, कारण घासताना मळाबरोबर टाकसाळीचा ठसाही झिजतो. मोटारीचेही तसेच. नव्याने रंगवलेली जुनी गाडी दिसते सुंदर. परंतु त्या रंगाखाली काय आहे ते फक्त रंगाऱ्याला ठाऊक. पत्रा मूळचा की नवा, गंज कापून काढला की लांबी भरून बुजवला, हे घेणाऱ्याला कळत नाही. न पुसलेली धूळ निदान एवढी साक्ष देते की अलीकडे इथे कोणाचा हात फिरलेला नाही. गाडी कितीही वेळा नवी करता येते. एकदा नवी केलेली गाडी पुन्हा पहिल्यासारखी जुनी मात्र करता येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. फेरारी आपल्यापैकी कोणाच्या बापजन्मी दारात उभी राहिलेली नाही. पण इटलीची मोटार म्हणाल तर ती मराठी मध्यमवर्गाच्या घरचीच. वालचंद हिराचंद हे लातूरच्या शेजारचे, सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून ट्युरिनच्या फियाट कंपनीच्या परवान्याने फियाट ११०० बाहेर पडू लागली. इटालियन लोक तिला ‘मिलेचेन्तो’ म्हणत, म्हणजे नुसतेच ‘अकराशे’. आपल्या लोकांनी तिचे ते गोल अंग आणि पुढे आलेले नाकाड पाहिले आणि तिचे नाव ठेवले ‘डुक्कर फियाट’. नावे ठेवण्यात आपला हात कोण धरील? पुढे १९६४ मध्ये तिची डिलाइट आली, आणखी दहाएक वर्षांनी तिचेच बारसे ‘पद्मिनी’ असे झाले. डुकराची पद्मिनी होण्याचा हा चमत्कार फक्त कुर्ल्यातच घडला असेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती पुढेही टिकली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली.

या अकराशेचे गोत मात्र मोठे आहे. तिचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे. याच मापाच्या, याच कुळातल्या इंजिनावर इटलीत सिसितालिया २०२ ही देखणी क्रीडामोटार उभी राहिली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ मध्ये मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात ती होती, आणि आज ती त्या संग्रहालयाच्या मालकीची आहे. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत थोर शर्यतवीर तात्सियो नुवोलारी याने अशाच सिसितालियाच्या उघड्या गाडीतून दुसरा क्रमांक पटकावला. त्याहून मौज म्हणजे खुद्द एन्झो फेरारी याने १९४० मध्ये स्वतःची म्हणून जी पहिली गाडी बांधली, तीही फियाट अकराशेचेच सामान वापरून. अशा दोनच गाड्या झाल्या. त्यांच्यावर फेरारीचे नाव नव्हते. पण हात त्याचा होता. तेव्हा आपली डुक्कर फियाट ही फेरारीची गरीब मावशी म्हणायला हरकत नाही.

अशा एका मावशीच्या दर्शनासाठी गेल्या वर्षी मला औसा तालुक्यातल्या एका गावी बोलावणे आले. वाडा जुना, मालक तिघे भावंडे. थोरले नांदेडला असतात, मधल्या ताई पुण्याला, धाकटे लातूरला. आजोबा आडत व्यापारी होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी १९५६ च्या दसऱ्याला डुक्कर फियाट घेतली होती. वीसेक वर्षे ती गावाहून लातूरला आणि लातूरहून सोलापूरला धावली, मग पडवीत उभी राहिली ती उभीच. आता वाडा विकायचा होता आणि गाडी पुण्यातल्या एका लिलावात द्यायची होती. गाडी पाहायला लातूरचे एक वयस्क मिस्त्री आले होते. मला बोलावले होते अण्णांच्या वह्या वाचायला, कारण अण्णांचा सारा हिशेब मोडीत होता.

त्या गाडीचा दाखला म्हणजे मराठवाड्याच्या इतिहासाचे एक पान. १९५६ चा दसरा १४ ऑक्टोबरला होता. तेव्हा औसा तालुका हैदराबाद राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली आणि गाडी मुंबईच्या द्वैभाषिक राज्यात गेली. १ मे १९६० रोजी ती महाराष्ट्रात आली. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा तिचा जिल्हाही बदलला. इकडे गाडी आपली पडवीतच. जागची न हलता इतका प्रवास केलेली मोटार फेरारीच्या घराण्यातही सापडणार नाही.

मिस्त्रींची तपासणी पाहण्यासारखी होती. थोरल्यांनी हौसेने नवी बॅटरी आणून ठेवली होती. ते म्हणाले, “मिस्त्री, लावा बॅटरी अन् मारा सेल. चालू झाली तर दाम दुप्पट.” मिस्त्रींनी बॅटरीकडे पाहिलेसुद्धा नाही. “सेल मारायचा नाही, भाऊ. चाळीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून कुणी पळायला लावतंय का?” याचा अर्थ त्यांनी मग मला समजावून दिला. इतकी वर्षे उभ्या गाडीत तेल खाली निथळून जाते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. तशात जोर लावला की जे शाबूत आहे तेच मोडते. आधी प्लग काढून त्या भोकांतून थोडे तेल सोडायचे, काही दिवस मुरू द्यायचे, मग हँडलने हलक्या हाताने इंजिन फिरते का पाहायचे. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो, तो कार्बोरेटरात गेला की सारे तुंबते. तारांवरचे वेष्टण तडकलेले असते, उंदरांनी उरलेले संपवलेले असते. वीज सोडली की आग लागायची भीती. ब्रेकचे रबर तर धरूच नये. गाडी सुरू झाली म्हणून थांबेलच असे नाही!

मग त्यांनी पोराच्या खेळण्यातले लोहचुंबक घेतले, फडक्यात गुंडाळले आणि गाडीच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. जिथे पत्रा आहे तिथे चुंबक धरतो. जिथे लांबी भरली आहे तिथे तो सुटतो. फेरारीसारख्या गाड्यांत या चाचणीला वेगळाच अर्थ येतो, कारण त्यांतल्या काहींचे अंग अॅल्युमिनियमचे असते आणि त्याला चुंबक मुळीच धरत नाही. जपानच्या गिफू प्रांतात एका आडोशाखाली दशकानुदशके पडून असलेली अशीच १९६९ ची फेरारी डेटोना निघाली. रस्त्यावरच्या वापरासाठी अॅल्युमिनियममध्ये घडवलेली एकमेव डेटोना म्हणून ती सप्टेंबर २०१७ मध्ये मारानेल्लो येथे धुळीसकट विकली गेली. किंमत आली सुमारे १८ लाख युरो. फियाटचे सारेच लोखंडी असते, पण तिच्यात दुसरी मेख आहे. जुन्या फेरारीत खाली नळ्यांचा सांगाडा आणि वर अंग अशी दोन वेगळी कामे असत. फियाट अकराशेत अंग आणि सांगाडा एकच. त्यामुळे तिचा तळ गंजला की घराचा पायाच गेला. मिस्त्री सतरंजी टाकून खाली आडवे झाले आणि बराच वेळ ठोकून ठोकून पाहत राहिले. बाहेर आले ते हसतच. “मुंबईची असती तर पायाखाली रस्ता दिसला असता. आपली कोरडी हवा. रबर खाल्लं, पण पत्रा राखला.”

डॅशबोर्डाखाली आणि मागच्या सीटच्या पाठीमागे बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी मूळचा रंग शोधला. बाहेरचा रंग आणि आतला रंग एकच निघाला. म्हणजे गाडी पुन्हा रंगवलेली नव्हती. पुढची दारे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, त्या पहिल्या अकराशेसारखी उलटी उघडणारी. दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी, नावाची अक्षरे, जॅक, पान्ह्यांची पिशवी अशी एकेक वस्तू ते बोटावर मोजत होते. पोचा कधीही काढता येतो, फुटलेली जुनी काच मिळवायला मात्र जन्म जातो, असे त्यांचे गणित. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटल्याच्या खुणा होत्या. त्याबद्दल मिस्त्रींनी गुण कापले नाहीत.

राहता राहिला डिकीवरचा पोचा. हाताच्या पंजाएवढा नव्हे, चांगला परातीएवढा. तो कशाचा, हे कोणी कोणाला विचारले नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. किल्लारीचा तो भूकंप सुमारे आठ हजार माणसे घेऊन गेला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर धाब्याचे ओझे. झोपलेल्या माणसांना उठायलाही अवधी मिळाला नाही. या वाड्यातली माणसे वाचली. पडवीची मागची भिंत मात्र गाडीवर कोसळली, आणि अण्णांच्या कागदांची एक पेटी तिच्याबरोबर गाडली गेली. अण्णा त्यानंतर सहा वर्षे जगले. पोचा काढू या असे मुले म्हणत, तेव्हा ते म्हणत, “गावातली माणसं भरून आली का? मग हिलाच कशाला नीट करायची?”

थोरल्यांचा बेत गाडी लातूरला नेऊन पोचा काढायचा, रंग द्यायचा आणि नवी करून विकायची असा होता. ताई म्हणत होत्या, हात लावू नका. वाद जुनाच होता आणि दोघांचेही बरोबर होते. रंगवलेली गाडी घेणारे लोक अधिक, न रंगवलेली गाडी ओळखणारे थोडे. शिवाय नवी करण्याचा खर्च फियाटसारख्या गाडीत बहुधा विक्रीतून सुटत नाही. कोट्यवधींच्या फेरारीत तो किमतीत जिरून जातो, फियाटीत तोच किमतीला गिळतो. मिस्त्रींनी हा हिशेब मांडला तेव्हा थोरले नरमले. गाडी आहे तशीच द्यायचे ठरले.

आणि मग मी अण्णांच्या वह्या उघडल्या. काय सुंदर हिशेब होता तो! पेट्रोल, टायर, ट्यूब, पाट्याची दुरुस्ती, ड्रायव्हराला दिवाळीची पोस्त. लेकीला सासरी पोचवायला गाडी किती मैल गेली तेही. गाडीचे सारे आयुष्य त्यात तारीखवार उतरले होते. लिलावाच्या भाषेत याला वंशावळ म्हणता येईल, आणि अशा कागदांनी गाडीचा भाव चढतो. थोरले खुशीत येऊन प्रत्येक नोंद मला मोठ्याने वाचायला लावत होते. तोच १९६९ च्या उन्हाळ्यातली एक नोंद समोर आली. सोलापूरला गाडीचे इंजिन बदलले; टॅक्सीतून उतरवलेले दुसरे घातले; जुने मोडीत दिले. मोडीत निघालेल्या इंजिनाची नोंद मोडीत! विनोद चांगला होता, पण कोणी हसले नाही.

कारण जुन्या गाडीच्या तपासणीतली पहिली आणि शेवटची कसोटी क्रमांकांची. चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातले क्रमांक जुळले पाहिजेत. फेरारीत तर यावर किमतीत कोट्यवधींचा फरक पडतो. या गाडीचे मूळ नोंदणीपुस्तक भूकंपात गेले होते. नंतर काढलेल्या दुय्यम प्रतीत आताच्या इंजिनाचाच क्रमांक होता. कागद आणि गाडी तंतोतंत जुळत होती. इंजिन मूळचे नाही हे सांगणारा पुरावा जगात एकच, मोडीची ती ओळ. आणि ती वाचू शकणारा त्या खोलीत मी एकटा.

थोडा वेळ शांततेत गेला. मग थोरले हलकेच म्हणाले, “सर, ही ओळ तुम्ही वाचलीच नाही, असं समजू या का?”

माणूस वाईट नव्हता. वाड्याचे तीन हिस्से व्हायचे होते, त्यांच्या मुलीचे शिक्षण चालू होते, आणि गाडी कोणी फसून घ्यावी असेही त्यांच्या मनात नव्हते. इंजिन त्याच कंपनीचे, त्याच जातीचे, पन्नासहून अधिक वर्षे त्याच गाडीत बसलेले. काय बिघडले? धाकटे जमिनीकडे पाहत होते. ताई म्हणाल्या, “दादा, अण्णांना लपवायचं असतं तर त्यांनी लिहिलं असतं का?”

मला तेव्हा आठवली ती ज्ञानेश्वरीच्या प्रतींची गोष्ट. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. लेखकांच्या हातून शिरलेली भर त्यांनी काढली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये म्हणून कडक शब्दांत बजावले. त्यानंतर तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९०३ मध्ये, इतिहासाचार्य राजवाड्यांना आमच्याच मराठवाड्यात, बीडजवळच्या पाटांगणला ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत सापडली. ती एकनाथांच्याही आधीची, असे त्यांचे मत. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. राजवाड्यांच्या त्या मताविषयी विद्वानांत पुढे वाद झाले. पण वाद घालता आला तो राजवाड्यांनी आपल्याला जे मिळाले ते लोकांपुढे ठेवले म्हणून. प्रत शुद्ध करावी की आहे तशी ठेवावी, यावर दोन मते असू शकतात. प्रतीतले गैरसोयीचे पान काढून टाकावे, यावर नाही. एकनाथांनी दुरुस्ती केली ती उघड, सांगून सवरून, आपले नाव आणि शक घालून. दुरुस्ती आणि फसवणूक यांत एवढेच अंतर असते. मी थोरल्यांना म्हटले, “वाचलेली ओळ न वाचलेली करता येत नाही हो. तुम्ही ती लावायची नसेल तर वहीच लावू नका; पण मग वहीतल्या बाकीच्या नोंदींचे गोडवेही गाता येणार नाहीत.” मिस्त्रींनी त्यांच्या परीने निकाल दिला. “इंजिन बदलल्याचं सांगून ईका, भाऊ. घेणारा आज ना उद्या हुडकतोच. मग तो पोचासुद्धा खोटा म्हणंल.”

हे शेवटचे वाक्य थोरल्यांच्या जिव्हारी लागले असावे. ते उठून पडवीत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, “लिहा सर. सगळं लिहा.”

वहीतल्या गाडीच्या साऱ्या नोंदींचे मी देवनागरीत लिप्यंतर करून दिले. इंजिनाची ओळ त्यात आहे. लिलावाच्या यादीतही ‘इंजिन १९६९ मध्ये बदललेले’ असे स्पष्ट छापले गेले. थोरल्यांनी मनात धरलेला आकडा आला नाही. भंगाराच्या भावाच्या पुष्कळ वर, त्यांच्या आशेच्या बऱ्याच खाली, असे मधल्यामध्ये जमले. गाडी पुण्याच्या एका संग्राहकांनी घेतली. त्यांना वहीही हवी होती. ताईंनी मूळ वही दिली नाही, पानांची छायाचित्रे दिली. पोचा काढणार का, असे ताईंनी त्यांना विचारले. ते म्हणाले, “अजून ठरवलं नाही.” उत्तर निदान खरे होते. थोरले मला नांदेडला बाजारात भेटतात तेव्हा अजून म्हणतात, “सर, तुमची मोडी आम्हाला फार महाग पडली बरं का!” आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

आता वाचकांपैकी कोणाच्या गावच्या घरी अशी एखादी फियाट, लॅम्ब्रेटा किंवा व्हेस्पा उभी असेल, तर दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो. लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की हातोडा पडल्यावर तक्रारीला जागा नाही. पाहायचे ते आधी पाहून घ्यावे. बोलीचा आकडा म्हणजे पूर्ण किंमत नव्हे. त्यावर लिलावसंस्थेचे कमिशन आणि कर चढतो, आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च वेगळा. विकणाऱ्याने राखीव किंमत आधीच ठरवून घ्यावी, म्हणजे त्याखाली गाडी जात नाही. अशा लिलावांसाठी आता युरोपात जावे लागत नाही. मुंबईच्या अॅस्टागुरू या संस्थेने २०२० मध्ये जुन्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव केला.

दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, ती दहा वर्षे चालते, आणि पुन्हा करायची तर पाच हजार. क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही; प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे आपल्या सरकारनेही आता मान्य केले आहे की जुनी गाडी म्हणजे निव्वळ वय झालेले लोखंड नव्हे. तेव्हा गावच्या पडवीत पहिल्यांदा हातात पान्हा घेऊ नका, छायाचित्रे घ्या. चारही बाजूंनी, आतून, खालून, धुळीसकट. सेल मारू नका. लांबी भरू नका. सुटून पडलेली मूठ, तुटलेली काच, गंजलेला पान्हा, जे सापडेल ते एका पेटीत जमा करा. घरात जे कोणी सर्वांत वडील असेल त्यांच्याजवळ बसून गाडी कधी घेतली, कोणी चालवली, कुठे आपटली ते विचारून तारखांसह लिहून ठेवा; ते पुस्तक फार दिवस उघडे राहत नाही. आणि आजोबांची वही मोडीत असेल, तर ती मोडीत घालू नका. वाचणारा शोधा. आम्हां मास्तर मंडळींना तेवढेच काम मिळेल, आणि कदाचित चहाही.